आंदोलनाचं लोण रोखणाऱ्या अधिकाऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
ज्यांच्या सहीने जमावबंदी लागते, धरपकड होते आणि इंटरनेट बंद पडतं, त्या देशोदेशींच्या गृहखात्यांतल्या आणि प्रशासनातल्या अधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे, कारण मंत्री 'काहीतरी करा' एवढंच सांगतात. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे तुमच्या टेबलावर ठरतं. कोणतं कलम लावायचं, किती तासांसाठी, कुठल्या हद्दीत, पहाटे कोणाला उचलायचं आणि आदेशात कारण काय लिहायचं, हे सगळं तुमच्या हाताखालून जातं. सरकारं येतात-जातात, फायली तुमच्याकडेच राहतात.

आदेशातलं कारण बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं: लोण इतरत्र पसरू नये. एका शहरात लोक रस्त्यावर उतरले म्हणून तुमची झोप उडत नाही. एका शहराला पुरेल एवढा बंदोबस्त कुठल्याही सरकारकडे असतो. धास्ती असते ती उद्याच्या दुसऱ्या शहराची आणि परवाच्या तिसऱ्याची. ही धास्ती खोटी नाही, हे मला मान्य आहे. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातल्या सिदी बूझिद या आडबाजूच्या शहरात एका फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि चार आठवड्यांनी, १४ जानेवारीला, तेवीस वर्षं सत्तेवर असलेले बेन अली देश सोडून पळाले. त्यानंतर महिन्याभरात इजिप्तचे मुबारकही गेले. तेव्हा तुम्ही घाबरता याबद्दल मी बोल लावत नाही. माझं म्हणणं एवढंच की पसरतं काय, याचा तुमचा अंदाज चुकतो. आणि तो चुकल्यामुळे थांबवण्यासाठी काढलेला आदेशच पुष्कळदा ते पसरवून येतो.

तुमच्या टिपणांत आंदोलन म्हणजे एक निरोप असतो. कोणीतरी चिथावणीखोर तो पाठवतो, भोळेभाबडे लोक तो वाचतात आणि चिथावले जातात. मग निरोपाची वाट अडवली की काम झालं. पूर्वी छापखाना जप्त व्हायचा, आता मोबाइल टॉवर बंद होतात. पण लोकांना आपलं दुःख कळायला निरोप लागत नाही. भाव वाढले, नोकरी गेली, पोरगं कोठडीत मेलं, हे ज्याचं त्याला आधीच माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते हे की असं वाटणारे आणखी किती जण आहेत, आणि त्यांतले किती जण उद्या बाहेर पडतील.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली याची एक साधी मांडणी केली होती. चौकात शंभर माणसं उभी आहेत, तक्रार सगळ्यांची एकच. पहिला असा आहे की कोणी सोबत नसलं तरी घोषणा देईल. दुसऱ्याला एक जण पुढे झालेला लागतो, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन, असं करत शंभराव्याला नव्याण्णव. अशा चौकात पहिल्याने तोंड उघडलं की एकामागून एक सगळे शंभर उठतात. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याला एकाऐवजी दोघं पुढे झालेले हवेत असं धरा. पहिला घोषणा देतो, इकडेतिकडे बघतो आणि एकटाच पडतो. दुःख तेच, माणसं जवळपास तीच, तरी एका चौकात उठाव होतो आणि दुसऱ्यात एक वेडा ओरडून जातो. पुढे तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने त्यात एक गोष्ट जोडली. धाकाच्या राज्यात प्रत्येक जण आपलं खरं मत लपवतो, त्यामुळे कोणाला किती जण पुढे हवेत याचा पत्ता शेजाऱ्यालाही नसतो. सरकारलाही नसतो.

यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. "म्हणूनच तर आम्ही पहिल्याला उचलतो." ठीक आहे. पण हे आकडे दगडावर कोरलेले नसतात. ज्याला पन्नास जण पुढे हवे होते, त्याच्या ओळखीतल्या पोराचं डोकं फुटलं की त्याला पाचही पुरतात. उलट ज्याला पाचच हवे होते, तो गोळीबार पाहून कायमचा घरी बसतो. काठी उगारताना समोर पहिल्या प्रकारची माणसं जास्त आहेत की दुसऱ्या, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो, कारण लोकांनी मनातलं बोलू नये यासाठी तुमच्याच खात्याने वर्षानुवर्षं घाम गाळलेला असतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण रुमानियाचं आहे आणि त्यावर जरा रेंगाळायला हरकत नाही. डिसेंबर १९८९ च्या मध्याला पश्चिमेकडच्या तिमिश्वारा शहरात लोक उठले, १७ तारखेला गोळीबार झाला. सरकारी माध्यमांत आधी त्याचं अवाक्षर नव्हतं. मग २० तारखेच्या संध्याकाळी हुकूमशहा चाउशेस्कू स्वतः पडद्यावर आला आणि गुंड व परकीय हस्तकांवर खापर फोडून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने बुखारेस्टमध्ये सभा बोलावली. कारखान्यांतून कामगार आणले होते, हातांत फलक दिले होते, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण होतं. सज्जातून भाषण सुरू झालं आणि काही मिनिटांतच गर्दीच्या मागच्या बाजूने गलका उठला. चाउशेस्कू थबकला. उजवा हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ देशाने पाहिला. मग फोनची लाइन तुटल्यावर माणूस ओरडतो तसा तो "हॅलो, हॅलो" म्हणत राहिला. प्रक्षेपण तोडलं गेलं. काही मिनिटांनी चित्र परत आलं तेव्हा तो किमान वेतनात दोनशे ले (तिथलं चलन) वाढवल्याची घोषणा करत होता. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या मुख्यालयाच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळून जाण्याची वेळ त्याच्यावर आली.

ज्या कोणी ते प्रक्षेपण तोडायला सांगितलं, त्याने तुमचंच काम केलं: गडबड दिसली, वाट अडवली. पण त्या घटकेपर्यंत घराघरात बसलेल्या माणसाला वाटत होतं की या राजवटीला विटलेला आपण एकटेच. पडदा कोरा पडला आणि सगळ्यांना एकाच वेळी कळलं की तिथे काहीतरी बिनसलंय, आणि हे आपल्याइतकंच शेजाऱ्यालाही आत्ता कळलंय. कुठल्याही भूमिगत पत्रकाला हे जमलं नसतं. आणखी एक गोष्ट तुमच्या पेशातल्या माणसाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ती सभा विरोधकांनी भरवलेली नव्हती, त्यानेच भरवली होती. लोक आपल्या बाजूने आहेत अशी खात्री असल्याशिवाय कोण स्वतःच्या सज्जाखाली एवढा जमाव गोळा करील? ती खात्री त्याला कोणी दिली असेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आता इंटरनेटकडे येतो, कारण हल्ली तुमच्यापैकी बहुतेकांचा पहिला हात तिकडेच जातो. 'ॲक्सेस नाऊ' ही संस्था जगभरच्या इंटरनेटबंदीची मोजदाद ठेवते. २०२४ मध्ये तिने ५४ देशांत मिळून २९६ वेळा इंटरनेट बंद झाल्याची नोंद केली. म्यानमार ८५, त्याखालोखाल भारत ८४. परीक्षेतली कॉपी रोखण्यापासून युद्धापर्यंत कारणं नाना तऱ्हेची असतात, पण निदर्शनं हे त्यांतलं नेहमीचं.

या प्रकाराचा पहिला मोठा प्रयोग इजिप्तमध्ये झाला. २५ जानेवारी २०११ ला निदर्शनं सुरू झाली, २८ तारखेच्या शुक्रवारी मोठा मोर्चा ठरला होता. आदल्या मध्यरात्रीनंतर कंपन्यांना हुकूम गेला आणि थोड्याच वेळात अख्खा देश इंटरनेटच्या नकाशावरून जवळजवळ पुसला गेला. सकाळी मोबाइलही बंद. त्या शुक्रवारी काय झालं? घरी बसून पडद्यावर पाहणाऱ्यांना पाहायला काही उरलं नाही. ज्यांची माणसं बाहेर होती त्यांना फोन लागेना. विचारपूस करायला दाराबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाविद हसनपूर या अभ्यासकाने त्या दिवसांचा मागोवा घेऊन मांडलं की बंदीनंतर निदर्शनं एका चौकात न राहता शहरभर विखुरली आणि यंत्रणेला ती आवरणं जास्त कठीण गेलं. पाच दिवसांनी इंटरनेट परत आलं. तेवढ्या बंदीचा थेट खर्च आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने किमान नऊ कोटी डॉलर धरला. ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले.

तेव्हा निदान असं म्हणता आलं असतं की प्रयोग नवा होता. २०२४ च्या बांगलादेशाला ती सोय नाही. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांची मागणी तशी मर्यादित होती. १६ जुलैला रंगपूरमध्ये हात पसरून उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्याचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. १८ तारखेला इंटरनेट गेलं. मंत्र्यांनी कारण दिलं की डेटा सेंटरला आग लागली. (नंतरच्या चौकशीत आगीचा संबंध नसल्याचं आणि बंदी हुकमाने झाल्याचं निघालं. खोटं बोलायचंच तर निदान तपासता येणार नाही असं तरी बोलावं.) २१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण कापून ९३ टक्के जागा गुणवत्तेवर दिल्या. म्हणजे मूळ मागणी जवळजवळ पदरात पडली होती. तरी आंदोलन थांबलं नाही, कारण तोवर ते आरक्षणाचं राहिलंच नव्हतं; ते मेलेल्यांचं झालं होतं. मग पोलिसांच्या गुप्तचर शाखेने सहा समन्वयकांना ताब्यात घेतलं आणि २८ जुलैला त्यांच्याकडून आंदोलन मागे घेत असल्याचं निवेदन कॅमेऱ्यासमोर वाचून घेतलं. बाहेर असलेल्यांनी ते तिथल्या तिथे झिडकारलं. ३ ऑगस्टला एकच मागणी उरली, राजीनाम्याची. ५ ऑगस्टला शेख हसीना देशाबाहेर होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे त्या काही आठवड्यांत १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत.

नेपाळची गोष्ट त्याहून छोटी. ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमांवर बंदी, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आणि गोळीबारात १९ मृत्यू, त्याच रात्री बंदी मागे, ९ तारखेला पंतप्रधान ओली यांचा राजीनामा. श्रीलंकेत एप्रिल २०२२ मध्ये समाजमाध्यमं बंद झाली तेव्हा तर राष्ट्राध्यक्षांचा पुतण्या, जो स्वतः मंत्री होता, त्यानेच जाहीरपणे सांगितलं की अशा बंदीचा उपयोग नाही, मीही व्हीपीएन (बंदीला वळसा घालणारी सोय) वापरतोच आहे. एका दिवसाच्या आत ती उठली.

हे सगळं यंत्रयुगाचं आहे, असं मात्र समजू नका. वाट अडवण्याची हौस जुनी आहे. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या मैदानात मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातलं गेलं आणि त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश संसदेने सहा कायदे केले. पन्नासांहून जास्त लोकांच्या सभेवर निर्बंध आले. स्वस्त राजकीय पत्रांवर मुद्रांक शुल्क लावलं, म्हणजे गरिबाला ती परवडूच नयेत. अकरा वर्षांनी, १८३० मध्ये, मळणीयंत्रं फोडणाऱ्या शेतमजुरांचा उठाव इंग्लंडच्या दक्षिणेत एका गावाहून दुसऱ्या गावी पसरला. ज्यांनी त्याचा गावागणिक हिशेब मांडला त्यांना आढळलं की बातमी गेली ती जत्रा-बाजारांतल्या आणि ओळखीपाळखीच्या वाटेने. वृत्तपत्रांचा त्यात हात दिसत नाही. सरकार शुल्क लावत बसलं कागदावर, आणि लोण गेलं तोंडातोंडी. त्या उठावापायी १९ जणांना फाशी झाली आणि जवळजवळ पाचशे लोकांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं.

असाच उलटा निकाल पूर्व जर्मनीचा. सगळ्यांची ठाम समजूत अशी की पश्चिमेची दूरचित्रवाणी पाहून तिथले लोक १९८९ मध्ये उठले. पण ड्रेस्डेनच्या आसपासच्या भागात ते प्रक्षेपण पोहोचतच नव्हतं, त्यामुळे तुलना करायची आयती सोय होती. संशोधकांनी ती केली. प्रक्षेपण दिसणाऱ्या भागांत निदर्शनं जास्त वेगाने पसरली असा पुरावा मिळाला नाही. त्याहून गमतीचं म्हणजे, प्रक्षेपण पाहणारे लोक आपल्या राजवटीवर थोडे अधिक समाधानी होते. संध्याकाळी करमणूक होत होती ना! तुमच्यापैकी कोणी मनोरंजनाच्या मालिका बंद करायचा प्रस्ताव तयार करत असेल, तर त्याने हे अवश्य वाचावं.

वाटेनंतर तुमचं दुसरं आवडतं हत्यार म्हणजे पुढारी उचलणं. याचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे, मराठी वाचकाला तो नव्याने सांगायला नको. टिळकांना २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. ज्या कामगाराने 'केसरी'चा अग्रलेख कधी वाचला नव्हता, त्यालाही खटल्याने सांगितलं की सरकार या माणसाला घाबरतं. १९४२ मध्ये तर काम चोख झालं होतं. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधी, नेहरू, पटेल, आझाद सगळे आत. पुढच्या काही आठवड्यांत रेल्वेचे रूळ उखडले गेले, तारा तुटल्या, बलियात, मिदनापुरात, साताऱ्यात सरकारचा हुकूम चालेना. साताऱ्याचं प्रतिसरकार पुढे काही वर्षं तग धरून होतं. २७ ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओ सुरू झाला. पोलिसांना तो पकडायला नोव्हेंबर उजाडला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३१ ऑगस्टला चर्चिलना कळवलं की १८५७ नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याचं गांभीर्य व व्याप्ती आम्ही लष्करी कारणास्तव जगापासून लपवून ठेवली आहे.

पुढारी उचलताना एक साधा विचार राहून जातो. आंदोलन सुरू करायला पुढारी लागतोच असं नाही, पण थांबवायला लागतो. चौरीचौरा घडलं ४ फेब्रुवारी १९२२ ला. आठवड्याभरात गांधींनी देशभरची चळवळ मागे घेतली, स्वतःच्या सहकाऱ्यांचा राग पत्करून. कुठल्याही पलटणीला ते जमलं नसतं. आणि मार्चमध्ये सरकारने अटक केली ती याच माणसाला! १९४२ मध्ये तसं सांगणारं कोणी बाहेर उरलंच नव्हतं. २०२४ च्या ढाक्यात समन्वयकांच्या तोंडून वदवून घेतलं, पण बंदुकीच्या सावलीत बोललेल्या शब्दाला बाजारात किंमत शून्य. ज्याच्या शब्दावर लोक घरी जातील असा माणूस हातचा घालवायचा आणि मग म्हणायचं, चर्चा कोणाशी करणार, यांना तर नेताच नाही.

तिसरं हत्यार धाकाचं. जानेवारी २०१४ मध्ये युक्रेनच्या संसदेने हात वर करून, चर्चेविना, कायद्यांचा एक गठ्ठा मंजूर केला. निदर्शनात हेल्मेट घालायला बंदी, मुखवट्याला बंदी, पाचांहून जास्त मोटारींच्या ताफ्याला बंदी. पुढच्या रविवारी कीव्हच्या चौकात लोक डोक्यावर पातेली आणि चाळण्या घालून आले. दोन दिवसांनी तिथल्या मोबाइलवर एक संदेश झळकला: प्रिय ग्राहक, सामूहिक दंगलीतील सहभागी म्हणून आपली नोंद झाली आहे. कोणी पाठवला? मोबाइल कंपन्यांनी हात वर केले. ज्याला तो संदेश आला त्याने काय करायचं होतं? नाव तर यादीत गेलेलंच होतं. घरी गेल्याने ते कमी होणार नव्हतं. सरकार टिकलं तर खटला, पडलं तर सुटका. माघारीची वाट तुम्हीच बंद केलीत. २८ जानेवारीला त्यांतले बहुतेक कायदे रद्द करावे लागले, फेब्रुवारी संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष यानुकोविच परागंदा होते.

अमेरिकेच्या एफबीआयने हाच धाक गुपचूप वापरला. १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या एका छोट्या कार्यालयातून काही नागरिकांनी फायली पळवल्या. त्यांतल्या एका टिपणात म्हटलं होतं की विरोधकांच्या मुलाखती वाढवा, म्हणजे त्यांचा संशयीपणा वाढेल आणि प्रत्येक टपालपेटीमागे आपला माणूस आहे असं त्यांना वाटेल. यातून आंदोलनं पोखरली जातात हे खरं. पण ते बाहेर आल्यावर ज्याचा सरकारवर विश्वास होता त्याचाही उडाला, आणि तो पुन्हा कमवायला पिढी जाते.

आता तुमच्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र म्हणजे भाबडेपणा ठरेल. दडपशाही चालते. पुष्कळदा चालते. १९८९ मध्येच, जूनमध्ये, बीजिंगमध्ये चालली. बेलारूसमध्ये ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर तीन दिवस इंटरनेट जवळजवळ बंद होतं, लाखभर लोक रविवारमागून रविवार रस्त्यावर येत होते, तरी राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको जागेवर राहिले. इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ ला पेट्रोलचे दर रातोरात वाढले, लोक उठले, आठवडाभर देश जगापासून तोडला गेला आणि त्या अंधारात तीनशेहून जास्त माणसं मारली गेल्याची नोंद ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने केली. उठाव विझला. हाँगकाँगमध्ये मुखवटाबंदीने काही साधलं नाही, उलट लोक मुखवटे घालूनच बाहेर पडले. पण जून २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने रस्ते ओस पाडले. 'सत्याचाच विजय होतो' असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही.

चीनने तर यात शास्त्रच बनवलं आहे. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो पोस्ट तपासून २०१३ मध्ये दाखवलं की सरकारवरची टीका, अगदी जहाल टीका, तिथे पुष्कळदा राहू दिली जाते; काढलं जातं ते लोकांना एकत्र आणू शकेल असं लिखाण, मग त्यात सरकारची स्तुती का असेना. म्हणजे मी वर ज्या हिशेबाबद्दल बोललो, तो त्यांना नीट कळला आहे. शिव्या घाला, पण मोजू नका. आणि तरीही २४ नोव्हेंबर २०२२ ला उरुम्चीतल्या इमारतीला आग लागून दहा माणसं गेली, आणि दोन-तीन दिवसांत शांघाय, बीजिंग, वुहानमध्ये तरुण पोरं हातात कोरा कागद धरून उभी राहिली. कोऱ्या कागदावरचं काय पुसणार? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने कोविडचे निर्बंध घाईघाईने सैल केले. तीन वर्षांच्या टाळेबंदीला लोक किती विटलेत, हे जगातल्या सर्वांत मोठ्या पाळत यंत्रणेला आधी कळलं नसेल, तर ती यंत्रणा कशासाठी होती? आणि कळलं असेल, तर दहा माणसं जळेपर्यंत वर कोणी बोललं का नाही?

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. दडपलेलं आंदोलन तुमच्या अहवालात 'परिस्थिती नियंत्रणात' म्हणून जातं. त्या दोन शब्दांनंतर वरच्या माणसाला काहीच कळत नाही. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे अखेरीस सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती, खबरे त्याहून जास्त. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगमध्ये सत्तर हजारांच्या आसपास लोक चालत निघाले, तेव्हा बर्लिनहून स्पष्ट आदेशच आला नाही. स्थानिक पक्षाच्या तीन चिटणीसांनी संगीत संचालक कुर्ट माझूर यांच्यासह शांततेचं आवाहन केलं, ते शहराच्या लाउडस्पीकरवरून वाचलं गेलं, आणि पोलीस बाजूला झाले. गोळी सुटली नाही. त्या रात्री शहराला वाचवलं ते खबऱ्यांच्या फौजेने नव्हे. स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेणारी काही माणसं खुर्चीत होती, म्हणून वाचलं. ती तुमच्याच पदावरची माणसं होती.

तेव्हा मागणं काय? आंदोलनं आवडून घ्या असं नाही. मोर्च्याची वाहतूक वळवा, दगडफेक करणाऱ्याला पुराव्यानिशी पकडा, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवा. हे तुमचं कामच आहे आणि ते करताना तुमची माणसं मार खातात हेही दिसतं. पण पसरू नये म्हणून काढलेल्या आदेशाची जात वेगळी. त्यात गुन्हा झालेला नसतो. उद्या कोणीतरी कोणालातरी भेटेल, एवढ्यासाठी आज सगळ्यांना शिक्षा असते. रुग्णाच्या घरचा फोन लागत नाही, रोजंदारीवरच्या माणसाचा पैसा ऑनलाइन अडकतो, आणि ज्याचा मोर्च्याशी काडीचा संबंध नव्हता त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की काहीतरी मोठं चाललंय.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, बंदी बेमुदत असू शकत नाही, उपाय प्रसंगाच्या प्रमाणात हवा, आणि जमावबंदीचं कलम रास्त मतप्रदर्शन दाबायला वापरता येणार नाही. हे कुठल्याही देशातल्या अधिकाऱ्याने भिंतीवर लावावं असं आहे, आणि खुद्द भारतातही त्यानंतर निघालेले किती आदेश वेळेत प्रसिद्ध झाले, हे विचारावं असंही.

माझी विनंती त्याच्या एक पाऊल पुढची आहे. यापुढे असा प्रस्ताव तुमच्यासमोर आला की टिपणात एक रकाना वाढवा: मागच्या वेळी हाच उपाय केला तेव्हा नंतरच्या सात दिवसांत निदर्शनं किती ठिकाणी झाली, आधी किती ठिकाणी होती. आकडे तुमच्याच नियंत्रण कक्षात पडलेले असतात, दुसऱ्या कोणाकडे नसतात. दुसरं, मागणी घेऊन आलेल्यांना कोण, कधी भेटलं आणि काय उत्तर दिलं, हे तारखेसह लिहा. भेटलंच नसेल तर 'भेट झाली नाही' असं लिहा. त्याखाली मग हवी तर बंदीची शिफारस करा आणि नावानिशी सही करा, 'वरून आदेश' असं न म्हणता. उद्या न्यायालय विचारील किंवा चौकशी आयोग बसेल. ढाक्यात चौकशी बसली तशी. तेव्हा मंत्र्यांच्या तोंडी सूचनेचा कागद कोणाकडेच नसतो, तुमच्या सहीचा असतो.

कळावे,
एक नागरिक